टाकीच्या गल्लीचं वजन

माझ्या कामाचं नाव नातेवाइकांना सांगायचं म्हणजे डोक्याला ताप. मुलुंडला आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला कुणीतरी विचारतंच, "सुलक्षणा, तू नक्की करतेस काय गं?" मी सांगते, संस्था वस्त्यांमध्ये काम करतात ना, त्याने खरंच काही फरक पडला का, ते मी मोजते. "म्हणजे सरकारात आहेस?" नाही. "मग ऑडिट?" तेही नाही. शेवटी आमची मामी वैतागून म्हणते, "लोकांनी केलेल्या चांगल्या कामातल्या चुका काढायचा पगार मिळतो हिला." वीस वर्षं झाली, याहून नेमकं मलाही सांगता आलेलं नाही. म्हणून मी चिडते. तशी मी चिडकीच आहे. आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि त्यात चूक माझीच निघणार आहे.

घाटकोपरला खडीमशीन टेकडी आहे. खडी फोडायचं मशीन कधीच गेलं, नाव तेवढं राहिलं. गिरण्या बंद पडल्यावर आमच्या तळकोकणातली बरीच माणसं या टेकडीवर आली आणि दगड फोडून, पत्रे ठोकून राहिली. त्यांच्या सुना आता खालच्या टॉवरांमध्ये पोळीभाजी, धुणीभांडी करतात. सकाळी सातला उतरतात, पाचला चढतात. मधल्या वेळात त्यांच्या पोरांचं काय, तर वरच्या गल्लीत रुक्मिणीकाकूंचं पाळणाघर. एक खोली, एक मोरी, बाहेर पत्र्याखाली चूल ठेवायची जागा. एक ते पाच वर्षांची पोरं. अकराला जेवण. पेज, डाळ, एखादी भाजी आणि प्रत्येकाला अर्धं अंडं. पाळणाघर एका संस्थेचं, संस्थेला पैसे देणारं फाउंडेशन अंधेरीचं, आणि पैसे पुढे द्यायचे की नाहीत हे ठरवण्यासाठी त्या फाउंडेशनने नेमलेली मी.

फरक मोजायचा म्हणजे कशाशी तरी ताडून बघावं लागतं. पोरं वाढतातच हो, पाळणाघर असो नसो. म्हणून मी दोन गल्ल्या घेतल्या. वरची गल्ली, जिथली पोरं पाळणाघरात येतात. आणि तिच्याच शेजारची टाकीची गल्ली, पाण्याच्या टाकीखालची, तशीच गरीब, तशीच माणसं, पण तिथल्या पोरांना पाळणाघर नाही. खोलीत जागाच तेवढी होती. दोन्हीकडच्या पोरांची दर महिन्याला वजनं घ्यायची. सव्वा वर्षाने वरच्या गल्लीतली पोरं सुधारलेली दिसली आणि टाकीच्या गल्लीतली होती तशीच राहिली, तर समजायचं की पाळणाघराने काम केलं. पुस्तकात असंच लिहिलंय. मी शिकवतेसुद्धा असंच.

टाकीच्या गल्लीतल्या एका बाईने तेव्हा मला विचारलं होतं, "आमच्या पोरांना नुसतं मोजणार?" तिचं नाव भाविका. चोवीस-पंचवीसची, तीन घरांची कामं करणारी, कडेवर जान्हवी नावाची किडकिडीत पोर. मी तिला ठरलेलं उत्तर दिलं. आत्ता मोजू दे, काम चांगलं निघालं तर पुढे तुमच्याही गल्लीत सुरू होईल. खोटं नव्हतं ते. मला तेव्हा तसंच वाटत होतं.

वजनाचा काटा एकच होता आणि तो पाळणाघरात. चांगला काटा रोज उचलून टेकडीवर फिरवला तर बिघडतो. म्हणून टाकीच्या गल्लीतल्या पोरांनाही पाळणाघरातच बोलवायचं ठरलं. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी अकराला. अकराच का, तर माझी वजनं घेणारी मुलगी गार्गी कळव्याहून यायची आणि त्याआधी तिला जमत नव्हतं. मी वेळापत्रक काढलं, काकूंच्या भिंतीवर चिकटवलं आणि सगळ्यांसमोर बजावलं, टाकीच्या गल्लीतल्या मुलांना काहीही द्यायचं नाही. बिस्किटसुद्धा नाही. नाहीतर सगळं मोजणं वाया जाईल. काकू मान हलवून "बरा बाय" म्हणाल्या. मी निघून आले, कारण मला मानखुर्दला दुसरी वस्ती गाठायची होती. तेव्हा माझ्याकडे एकदम चार वस्त्या होत्या.

सव्वा वर्षाने, फेब्रुवारीत, सगळे आकडे हातात आले. वरच्या गल्लीत एकोणतीस पोरं. सुरुवातीला त्यातली पंधरा वयाच्या मानाने हलकी, आता पाच. वा, म्हटलं. चहा घेतला. मग टाकीची गल्ली उघडली. सत्तावीस पोरं, सुरुवातीला चौदा हलकी. आता सहा.

मी तो तक्ता पुन्हा केला. मग गार्गीला फोन करून झापलं, गल्ल्यांची अदलाबदल केलीस का म्हणून. ती बिचारी रडवेली झाली. तिने कागद पाठवले, कागद बरोबर होते. दोन्ही गल्ल्या सारख्याच सुधारल्या होत्या. याचा पुस्तकी अर्थ एकच. पाळणाघर असलं काय, नसलं काय, पोरं तेवढीच सुधारतात. म्हणजे पाळणाघराचा उपयोग शून्य. वाट लागली.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता टेकडीवर गेले. बुधवार होता, वजनाचा दिवस नव्हता. अकराला पाच कमी असताना पाळणाघराच्या दाराशी पोचले आणि दारातच थांबले. आत पोरं भिंतीला पाठ लावून बसली होती. तिथे संपून ओळ बाहेर पत्र्याखाली आली होती आणि पत्र्याखालून वळून शेजारच्या ओट्यावर. पन्नासेक ताटल्या. काकू पातेलं घेऊन वाकून वाढत होत्या आणि तिसऱ्या ताटलीपाशी जान्हवी बसली होती, भाविकाची. गाल भरलेले होते तिचे. माझ्याकडे बघून हसली.

मी तिथेच तोंड सोडलं. मदतनीस बाईसमोर, पोरांसमोर. काकू, हे काय चाललंय, किती दिवस चाललंय, तुम्हाला भिंतीवर लिहून दिलं होतं, शिकलेल्या नाही का तुम्ही, माझं सव्वा वर्ष मातीत घातलंत. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला मी असं बोलले. त्यांनी वाढणं थांबवलं नाही. ओळ पुरी केली, पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "बस आधी. तू जेवलंस काय?"

"काकू, विषय बदलू नका."

"विषय ह्योच असा," त्या म्हणाल्या. "अकरा वाजता म्हणान कोणी सांगलंला? तूच ना? पोरां वजनाक इली तेव्हा हय पेज वाढूची वेळ. ह्येंच्या पुढ्यात ताटली ठेवू, आणि त्येंका सांगू, तुमचा वजन झाला, आता घराक जावा? माका नाय जमला. तू मालवणी ना गो? तुझ्या आवशीक जमला असता?"

माझ्या आईने जेवायच्या वेळी आलेल्या मीटर रीडिंगवाल्यालाही कधी तसं जाऊ दिलं नाही. तो घाईत असेल तर भाकरीवर सुकट ठेवून हातात द्यायची. आमच्यात जेवणाच्या वेळी दारात आलेल्याला पान न वाढता परत पाठवणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. हे मला माहीत होतं. माझ्या रक्तात होतं. आणि मी, सव्वाशे कलमी आराखडा करणारी शहाणी, सत्तावीस भुकेल्या पोरांना महिन्याच्या महिन्याला एका मालवणी बाईच्या दारात बरोबर जेवणाच्या वेळी आणून उभं करत होते.

"एकदा वाढला," काकू म्हणाल्या, "तर दुसऱ्या दिवशी परत इली. त्येंका काय गल्ली कळता?"

तांदूळ पुरला कसा, तर पेज थोडी पातळ केली. कधी बाजारातून येताना आणलेली मूठभर भाजी कोणी आई ठेवून जायची. अंडं अर्ध्याचं पाव झालं. वरच्या गल्लीतल्या आयांना ठाऊक होतं, कुणी तक्रार केली नाही. उलट टाकीच्या गल्लीतल्या बायका आळीपाळीने भांडी घासायला यायला लागल्या. दोन गल्ल्यांचं पाण्यावरून आधी भांडण असायचं, ते थांबलं होतं. इतकं सगळं सव्वा वर्ष चालू होतं आणि मोजायला नेमलेल्या बाईला, म्हणजे मला, याचा पत्ता नव्हता. गार्गीला होता. नंतर फोनवर ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही फक्त वजनं विचारलीत." तिच्यावर मला चिडता आलं नाही.

मी ओट्यावर बसले. कुणीतरी माझ्याही हातात ताटली दिली. खाल्ली मी. पेज खरंच पातळ होती.

आता दोनच रस्ते होते. गप्प बसून आकडे तसेच द्यायचे, तर पाळणाघर निरुपयोगी म्हणून बंद. खरं लिहायचं, की टाकीच्या गल्लीलाही जेवण मिळालं म्हणूनच ती सुधारली, तर काकूंनी नियम मोडला हे कागदावर येणार. मी काकूंना दोन्ही समजावून सांगितलं. त्यांनी लांबण लावली नाही. "लिही तू खरा. माझा नाव घाल. मी वाढलंय ता मीच सांगतलंय. पण ह्या बंद होऊक देव नको. ही पोरां खय जातली?"

भाविका भांडी घासता घासता ऐकत होती. ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच बोलला होता ना, चांगलं निघालं तर आमच्यात पण सुरू होणार." हो, मीच बोलले होते.

मी खरं लिहिलं. इतक्या वर्षांत एवढा जीव ओतून रिपोर्ट लिहिला नव्हता. एका गल्लीच्या अन्नात दोन गल्ल्या सुधारल्या, हे या पाळणाघराचं अपयश नाही, दुप्पट यश आहे, असं साध्या शब्दांत लिहिलं. आणि तो घेऊन अंधेरीला गेले.

फाउंडेशनमध्ये या कामाचा प्रमुख हर्षद. एकतीस-बत्तीसचा पोरगा, हुशार, सभ्य. खलनायक असता तर बरं झालं असतं, भांडायला मजा आली असती. त्याने माझा रिपोर्ट खरंच वाचला होता, खुणा केल्या होत्या.

"मॅम, मला पटतंय," तो म्हणाला. "माझी आईसुद्धा असंच करेल. पण बोर्डापुढे एक पान जातं. त्या पानावर एक तक्ता असतो. दोन रकाने सारखे आहेत."

"सारखे का आहेत ते खाली लिहिलंय."

"ते आपण म्हणतोय ना. पुरावा काय? टाकीची गल्ली जेवणाशिवायही सुधारली असती, असं कोणी म्हटलं तर?"

हे वाक्य मी स्वतः दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, काकूंचं जेवण पोचलंच नाही अशी तिसरी गल्ली घेऊ, मला सहा महिने दे. तो म्हणाला, वर्ष मार्चला संपतं आणि त्याच्या हातात ते नाही. मी म्हटलं, तू एकदा वर टेकडीवर चल, अकराला. तो म्हणाला, "मॅम, मी आलो तर मलाही पटेल. पण मला पटून काय उपयोग आहे?" मी आवाज चढवला. शेजारच्या काचेच्या खोलीतली माणसं वळून बघायला लागली. हर्षदने मला पाण्याचा ग्लास दिला. मी तो प्यायले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बोर्डाने मार्चअखेर मदत थांबवली. संस्थेने काकूंना नियम मोडल्याचं पत्र दिलं. त्यात माझ्या रिपोर्टातलं वाक्य जसंच्या तसं होतं, पान नंबरासकट. मी संस्थेला फोन केले, भांडले, दुसऱ्या तीन ठिकाणी पाळणाघरासाठी शब्द टाकला. सगळ्यांनी आधी तो रिपोर्ट मागितला. वाचल्यावर कुणी परत फोन केला नाही. एकाने केला, तो म्हणाला, "तुमच्याच अभ्यासात फरक दिसत नाहीये हो." मी हात टेकले.

काकूंनी स्वतःच्या घरात महिनाभर चालवलं. दहा पोरं, मग सहा. मग त्यांच्या मुलाची नोकरी गेली आणि तेही थांबलं. मी जायचं टाळत होते. सरळ सांगते, मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

ऑक्टोबरात हर्षदचा फोन आला. मूळ करारात एक कलम होतं, काम संपल्यावर सहा महिन्यांनी एकदा शेवटची वजनं घ्यायची. मीच घातलेलं कलम. तेवढं पूर्ण करून द्या म्हणाला. मी नाही म्हणणार होते. मग वाटलं, नाही म्हटलं तर दुसरं कुणी जाईल, आणि त्या माणसाला पोरांची नावंही ठाऊक नसतील.

गार्गी आणि मी गेलो. पाळणाघराच्या खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. काटा काकूंच्या ओट्यावर मांडला. पोरांना गोळा करायला काकूच गल्ल्यांतून फिरल्या. आम्हाला कुणी दार उघडलं नसतं. या वेळी मी दुपारी तीनची वेळ घेतली होती. काकूंनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

पहिली दहा वजनं झाल्यावरच मला कळलं. गार्गी आकडा बोलत होती आणि मी मार्चच्या वजनांचा कागद बघत होते. सहा महिन्यांत पोराचं वजन जरा तरी वाढायला हवं. ही पोरं होती तिथेच थांबली होती, काही खाली आली होती. वरची गल्ली आणि टाकीची गल्ली, दोन्हीकडे तेच. जी पोरं काकूंच्या हातचं जेवत होती ती सगळीच्या सगळी घसरली होती. भाविकाची जान्हवी साडेतीन वर्षांची झाली होती. मार्चपेक्षा सातशे ग्रॅम कमी. भाविकाने तीनपैकी दोन घरं सोडली होती. तिसऱ्या घरी जाताना ती जान्हवीला सासूच्या खाटेच्या पायाला ओढणीने बांधून जायची, कारण सासूला आता उठता येत नव्हतं आणि टाकीजवळ उतार होता. हे तिने मला अगदी साधेपणाने सांगितलं, मीठ संपलंय सांगावं तसं.

मी बाजूला जाऊन हर्षदला फोन लावला. ओट्यावर रेंज येत नव्हती, म्हणून स्पीकर लावून हात वर धरला. सगळे आकडे सांगितले.

पलीकडे त्याचा आवाजच बदलला. "मॅम, दोन्ही गल्ल्या? एकदम? अहो, हाच तर पुरावा. जेवण होतं तेव्हा वर, जेवण गेलं तसं खाली. तिसरी गल्लीसुद्धा लागत नाही. इतका साफ निकाल मी आजवर बघितला नाही. फारच छान झालं हे, मॅम."

"मग सुरू करतोस?"

"हे पाळणाघर? नाही, ते आता... आमचा विषय बदललाय ना, तरुणांची कौशल्यं. पण हे आपण परिषदेत मांडू. दुसरीकडे कुणाला तरी उपयोग होईल. तुमचं नाव पहिलं टाकतो."

मी फोन बंद केला. शिव्या आठवत होत्या, पण त्या कुणाला द्यायच्या ते कळेना. इतके दिवस मी जे मागत होते ते मिळालं होतं. पुरावा हवा होता, तो पोरांच्या अंगावरून उतरवून मिळाला होता. मला फार असहाय वाटलं. त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

मागे वळले तर भाविका तिथेच उभी होती, जान्हवीला कडेवर घेऊन. तिने सगळं ऐकलं होतं. कपाळाला आठी घालून ती समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. मोठ्या माणसांनी आपल्या पोरीविषयी काही ठरवलं असेल तर ते आपल्याला कळायला हवं, असा तिचा चेहरा होता.

"मॅडम," ती म्हणाली, "हिचं वजन कमी झालं, ते चांगलं झालं का?"

"नाही गं."

"मग ते सर छान कशाला बोलले?"

काकू ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पोरांना धरून बसल्या होत्या. त्याही माझ्याकडे बघत होत्या. भाविका माझ्या उत्तरासाठी थांबली होती आणि खरंच थांबली होती, टोमणा नव्हता त्यात. गार्गीने हळूच विचारलं, पुढचं घेऊ का. मी कागदावरून बोट खाली सरकवलं आणि पुढच्या पोराचं नाव पुकारलं.